कमी दिसणारे मूल पाळणाघरात किंवा बालवाडीत जाताना

माझ्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांत जन्मतःच मोतीबिंदू होता. बाहुलीतला पांढरट ठिपका तिच्या आजीच्या लक्षात आला तेव्हा ती अडीच महिन्यांची होती आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत तिला चौथा महिना लागला होता. आज ती पाच वर्षांची आहे, जाड भिंगांचा चष्मा लावते आणि चष्म्यासह तिची दृष्टी ६/३६ भरते (या आकड्यांचा अर्थ पहिल्या टप्प्यात दिला आहे). ती दोन वर्षांची असताना मी पुन्हा कामावर रुजू झाले, तेव्हा तिला पाळणाघरात ठेवावे लागले आणि पुढे वर्षभराने ती बालवाडीत गेली. त्या काळात आमच्याजवळ माहिती भरपूर होती, परंतु ती कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायची हे उमगलेले नव्हते. रुग्णालयाची जाडजूड फाईल आम्ही पाळणाघरातल्या ताईंच्या हाती दिली आणि आपले काम झाले असे समजलो. त्या फाईलमधला एकही कागद तिला डबा भरवताना किंवा घसरगुंडीवर चढवताना ताईंच्या उपयोगी पडला नाही.

पुढील टप्पे साधारण एक ते सहा वर्षांच्या, चष्मा किंवा शस्त्रक्रियेनंतरही कमी दिसणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी आहेत. अजिबात न दिसणाऱ्या मुलांची तयारी बरीच वेगळी असते, त्यामुळे ती येथे घेतलेली नाही.

१. डॉक्टरांकडून आकड्याचा अर्थ समजून घ्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार, चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा जास्त नसेल आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टीचे क्षेत्र, म्हणजे नजर स्थिर ठेवून एका वेळी दिसणारा भाग, ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत आक्रसलेले असेल, तर ती अल्पदृष्टी समजली जाते. ६/६० याचा साधा अर्थ असा, की निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून ओळखता येते, तेच ओळखण्यासाठी या डोळ्याला ते सहा मीटरवर यावे लागते.

हा आकडा प्रमाणपत्रासाठी महत्त्वाचा असला, तरी बालवाडीत तो फारसा काही सांगत नाही, कारण एकच आकडा असलेली दोन मुले अगदी निराळ्या तऱ्हेने पाहत असतात. अल्बिनिझम (त्वचा, केस व डोळ्यांत रंगद्रव्य कमी असणे) असलेल्या मुलाचे डोळे उन्हात मिटतात आणि ढगाळ दिवशी त्याला बरे दिसते. ज्याचे दृष्टिक्षेत्र आक्रसलेले आहे, ते मूल समोरची मुंगी टिपते आणि शेजारच्या बाकावर आदळते. ज्याची बुबुळे सतत हलतात, ते मान एका बाजूला वळवून पाहते, कारण त्या कोनात बुबुळांची थरथर कमी होते. अशा मुलाची मान कोणी "सरळ बस" म्हणून वळवली, तर त्याचे दिसणेच काढून घेतल्यासारखे होते. आणि ज्याच्या डोळ्यांत विशेष दोष नसून मेंदूच्या दृष्टीकेंद्रात इजा आहे, त्याला रिकाम्या टेबलावरचा लाल चेंडू दिसतो, पण खेळण्यांनी भरलेल्या टोपलीत तोच चेंडू सापडत नाही.

म्हणून तपासणीच्या वेळी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत:

- दूरचे व जवळचे किती दिसते, आणि कोणत्या डोळ्याने अधिक दिसते?
- वर, खाली किंवा बाजूला न दिसणारा भाग आहे का?
- प्रखर प्रकाश चालतो का, की टोपी किंवा रंगीत काच हवी?
- चष्मा सतत हवा, की ठरावीक कामासाठी?
- उड्या, धक्काबुक्की, डोक्याला मार यांपासून विशेष जपायचे आहे का?
- कोणते लक्षण दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात आणावे?

शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना पुढे काचबिंदू होण्याचा धोका राहतो, आणि डोळ्यातून सतत पाणी येणे, उजेड सहन न होणे, बुबुळ धुरकट दिसणे या खुणा दिवसभर मुलासोबत असलेल्या व्यक्तीला ठाऊक असायलाच हव्यात.

अक्षरे न येणाऱ्या मुलांची दृष्टी मोजता येत नाही, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. तान्ह्या बाळांसाठी करड्या पृष्ठभागावर काळ्यापांढऱ्या पट्ट्या असलेली कार्डे असतात, तर अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी फिनलंडच्या नेत्रतज्ज्ञ लेआ ह्युवारिनेन यांनी तयार केलेला सफरचंद, घर, वर्तुळ आणि चौकोन या चार आकृत्यांचा तक्ता वापरतात. उलट, घरी येणारा प्रत्येक पाहुणा बोटे नाचवून "ही किती?" असे जे विचारतो, त्या परीक्षेतून काहीही कळत नाही, तीन वर्षांच्या अनेक मुलांना नीट मोजता येत नसते, आणि काही दिवसांनी मूल कंटाळून दरवेळी "दोन" म्हणू लागते.

तपासणी कोठे करावी, हा प्रश्न गावाकडच्या पालकांना अधिक भेडसावतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे आरोग्य पथक अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा येते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे ज्याला सर्वजण डीईआयसी म्हणतात तिकडे, मोफत पाठवते. पथक येण्याची वाट पाहण्याऐवजी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे तारीख विचारून ठेवावी. मोठ्या नेत्ररुग्णालयांत लहान मुलांचा स्वतंत्र विभाग असतो, पुण्यातील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था येथे महाराष्ट्रातून अनेक पालक जातात. तेथे गेल्यावर 'लो व्हिजन' विभागाची चौकशी अवश्य करावी, कारण शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि उरलेली दृष्टी वापरायला शिकवणारे तज्ज्ञ ही बहुधा निराळी माणसे असतात.

२. कागदपत्रे एका पिशवीत जमवा

- जन्म दाखला आणि बाल आधार. पाच वर्षांखालील मुलाचे बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. पाचव्या वर्षानंतर ते अद्ययावत करावे लागतात.
- लसीकरण कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि मुलाचे चार-सहा फोटो.
- नेत्रतपासणीचा अलीकडचा अहवाल, शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचा कागद, आणि चष्म्याच्या नंबरची तारखेसह प्रत.
- यूडीआयडी कार्ड, म्हणजे वैश्विक दिव्यांग ओळखपत्र, मिळाले असल्यास.

यूडीआयडीसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून शासकीय रुग्णालयात तपासणीला जावे लागते. लहान वयातले प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचे असते, त्यामुळे त्यावरील तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

येथे तीन ठिकाणी गफलत होते. पहिली म्हणजे, कार्ड हाती आल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही असे समजून पालक वर्ष वाया घालवतात. अंगणवाडीत किंवा पाळणाघरात जाण्यासाठी हे कार्ड लागत नाही. दुसरी, २०१६ च्या अधिनियमातील मोफत शिक्षणाचा हक्क किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आहे, तेव्हा खासगी पाळणाघराशी त्या कलमावर हुज्जत घालून उपयोग नसतो. तेथे समजुतीनेच बोलावे लागते. तिसरी, दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा नुसती अल्पदृष्टी असलेल्या मुलाला मिळत नाही. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी आहे. आम्ही त्या अर्जापायी दोन सुट्ट्या खर्ची घातल्या.

३. घरी आठ दिवस वहीत टिपणे घ्या

मूल काय पाहते, हे त्याला न विचारता पाहावे. जमिनीवर सांडलेला मुरमुरा ते किती अंतरावरून उचलायला जाते, बाबा न बोलता दारात उभे राहिले तर ते केव्हा ओळखते, संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी चाल मंदावते का, अनोळखी घरात भिंतीला धरून चालते का, अशा नोंदी वेळ व अंतरासह लिहाव्यात. अंतर पावलांत मोजले तरी चालते.

आमच्या वहीतली एक नोंद अशी होती: बाहेरच्या खोलीत दुपारी तीनच्या सुमारास उंबऱ्याची सावली फरशीवर आडवी पडते, आणि मुलगी तेथे येऊन थांबते, पायाच्या अंगठ्याने ती काळी पट्टी चाचपते आणि मगच पुढे जाते. तिला ती पायरी वाटत होती. सकाळी त्याच जागेवरून ती धावत जाई. तोवर आम्ही तिला "उगाच घाबरते" असे म्हणत होतो.

४. जागा पाहायला जाताना ती मुलांनी भरलेली असू द्या

संध्याकाळी मुले गेल्यावर दाखवलेली स्वच्छ, शांत खोली फसवी असते. सकाळी साडेदहाला, जेव्हा वीस मुले, वीस दप्तरे आणि सांडलेले पाणी असते, तेव्हा अर्धा तास कोपऱ्यात बसण्याची परवानगी मागावी. भिंतीवर किती चित्रे चिकटवली आहेत यापेक्षा ताई मुलांना नावाने हाक मारतात की "ए, इकडे ये" म्हणतात, याकडे लक्ष द्यावे. खिडक्या कोणत्या बाजूला आहेत, शौचालयाच्या वाटेवर किती पायऱ्या आहेत, आणि सामानाची जागा रोज बदलते का, हेही पाहावे.

एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले, की "आम्ही घेऊ, पण जबाबदारी तुमची." हे वाक्य ऐकल्यावर आम्ही नम्रपणे बाहेर पडलो. दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी आधी कधी असे मूल सांभाळले नव्हते आणि तसे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले, पण लगेच विचारले, "हिला कोणता रंग जास्त दिसतो?" आम्ही तेच पाळणाघर निवडले. अनुभवापेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

अंगणवाडीचा पर्याय कमी लेखू नये. तेथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वशालेय शिक्षण विनामूल्य असते, आणि दिव्यांग बालकांना अंगणवाडीत सामावून घेण्यासाठी केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केलेली आहे. सेविकेला त्याची कल्पना नसेल, तर पर्यवेक्षिकेकडे विचारणा करावी. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांसोबत शिकवण्याचे, विषयतज्ज्ञ असतात; पहिलीच्या प्रवेशाआधीच त्यांची ओळख करून घेतलेली पुढे कामी येते.

५. ताईंसाठी एका पानाची चिठ्ठी लिहा

सगळ्या टप्प्यांत हा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फाईल घरी ठेवावी आणि ताईंना एकच पान द्यावे, ज्यात रोगाचे नाव एका ओळीत आणि बाकी सर्व मजकूर त्या खोलीतल्या रोजच्या कामांविषयी असेल. आमची पहिली चिठ्ठी जवळजवळ अशी होती:

"चष्मा लावल्यावर तिला दोन हातांच्या अंतरावरचा चेहरा ओळखता येतो. त्यापलीकडे ती आवाजावरून ओळखते, म्हणून बोलताना आधी तिचे नाव घ्यावे. पुस्तक ती नाकाजवळ धरते. त्याने डोळे बिघडत नाहीत, तिला धरू द्यावे. मान डावीकडे वळवून पाहते, ती सरळ करू नये. लाल आणि पिवळा रंग लवकर दिसतो. खिडकीकडे तोंड करून बसवल्यास समोरच्याचा चेहरा काळा दिसतो, म्हणून खिडकी तिच्या पाठीमागे असावी. पायरी उतरताना हात धरावा, चढताना गरज नाही. दुपारी साडेबारानंतर डोळे थकतात आणि ती चिडचिड करते. तेव्हा चित्रांऐवजी गाणे किंवा माती चालेल. डोळे लाल झाले, पाणी आले किंवा ती उजेडात डोळे उघडेना, तर लगेच फोन करावा."

असे पान लिहिताना "तिची काळजी घ्या", "लक्ष असू द्या" अशी वाक्ये खोडून टाकावीत. त्यांतून ताईंना धास्ती मिळते, सूचना मिळत नाही. मग मुलाला मैदानावर न नेता खुर्चीत बसवून ठेवले जाते. मूल काय करू शकते, हे जितक्या तपशिलाने लिहिले जाईल तितके त्याला अधिक करू दिले जाते. चिठ्ठीच्या दोन प्रती द्याव्यात, एक ताईंना आणि एक मदतनीस मावशींना, कारण शौचालयापर्यंत मुलासोबत मावशीच जातात.

६. खोलीत स्वस्तातले बदल सुचवा

ताटापासून सुरुवात करावी. पाळणाघरात आमची मुलगी दहीभात अर्धा टाकते, अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. मी जाऊन पाहिले, तर स्टीलच्या ताटलीत पांढरा भात, वर ट्यूबलाइटचा चकाकणारा पट्टा, आणि मुलगी ताटलीच्या मधोमध चमचा फिरवून "संपला" म्हणत होती. भात कडेला सरकला होता आणि स्टीलच्या चकाकीत तिला तो दिसत नव्हता. गडद निळी प्लास्टिकची ताटली दिल्यावर तक्रार मिटली. पांढऱ्या पदार्थाला गडद ताटली, दुधाला रंगीत पेला, आणि आमटीला फिकट वाटी इतके पुरते.

हेच तत्त्व सर्वत्र लागू पडते. पायरीच्या कडेला दोन बोटे रुंद पिवळ्या तैलरंगाचा पट्टा ओढावा; तो इतर मुलांच्याही उपयोगी पडतो, त्यामुळे सहसा कोणी नाही म्हणत नाही. दप्तराची खुंटी मुलाने स्वतः ओळखायची असेल, तर ती रांगेतली पहिली किंवा शेवटची असावी आणि खुंटीला लाल कापड बांधावे. दाराशी पडलेला चपलांचा ढीग ही पडण्याची हमखास जागा असते, तेव्हा चपलांसाठी एका बाजूला पाट किंवा खोके ठेवण्याची विनंती करावी. कपाटाचे आणि खोलीचे दार एकतर पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद असावे. अर्धवट उघड्या दाराची कड अशा मुलाला दिसत नाही आणि कपाळावर टेंगूळ येते.

चित्रे रंगवताना फिकट छापील रेघा दिसत नाहीत. घरून काळा जाड मार्कर द्यावा आणि ताईंनी रेघ गिरवून द्यावी, किंवा रेघेवर डिंकाने लोकर चिकटवावी. एका वेळी एकच चित्र समोर ठेवावे. कागद टेबलावर सपाट ठेवण्याऐवजी जाड पुठ्ठ्याच्या उतारावर ठेवला, तर मुलाला पाठ वाकवावी लागत नाही. बडबडगीतांतले हातवारे लांबून दिसत नाहीत, म्हणून ताईंनी आपले हात मुलाच्या हातांखाली घेऊन ते दाखवावेत. वरून मनगट धरून ओढलेले हात मुले झिडकारतात.

शब्दांतही बदल हवा. "तिकडे ठेव" याला अर्थ नाही. "खिडकीखालच्या लाल टोपलीत ठेव" याला आहे.

७. चष्म्याची व्यवस्था लावून द्या

आमच्याकडची मोठी गफलत येथे झाली. प्रवेशानंतर महिन्याभराने मी दुपारी अचानक गेले, तेव्हा मुलगी चष्म्याविना बसलेली होती. चष्मा कपाटात, रुमालात जपून गुंडाळून ठेवलेला होता. "फुटला तर तुम्हाला भुर्दंड, म्हणून आल्या आल्या काढून ठेवतो," असे मावशींनी अगदी मायेने सांगितले. डोळ्यातले नैसर्गिक भिंग काढलेल्या मुलासाठी चष्मा हेच भिंग असते, हे त्यांना सांगण्याचे आमच्याकडूनच राहून गेले होते. महिनाभर मुलीने ती खोली धुक्यात पाहिली.

म्हणून चष्म्याला मागून इलॅस्टिकचा पट्टा लावावा, जुन्या नंबरचा का होईना पण एक जादा चष्मा पाळणाघरात ठेवावा, आणि तो कधी काढायचा ते लिहून द्यावे. आमच्याकडे झोप आणि पाण्यातला खेळ या दोनच वेळा आहेत. काच मऊ सुती कापडाने पुसावी, ओढणीने पुसू नये. चष्मा दोन भागांचा (दूरचे व जवळचे पाहण्यासाठी वेगळे) असेल तर तो नाकावरून घसरताच मूल चुकीच्या भागातून पाहते, हे ताईंना एकदा प्रत्यक्ष दाखवावे. कमजोर डोळ्याला काम लागावे म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची असल्यास तो वेळ शक्यतो घरी ठेवावा, कारण नव्या जागेत चांगला डोळा झाकून मुलाला सोडणे म्हणजे त्याची दुहेरी परीक्षा घेणे आहे; मात्र डॉक्टरांनी सांगितलेले तास परस्पर कमी करू नयेत.

८. पहिले दोन आठवडे हळू जा

प्रवेशाच्या आधी तीन-चार वेळा रिकाम्या खोलीत मुलाला घेऊन जावे. दारापासून बसण्याच्या जागेपर्यंत, तेथून नळापर्यंत आणि शौचालयापर्यंत चालत जाताना "इथे थंड फरशी लागली, म्हणजे नळ आला" अशा खुणा बोलून दाखवाव्यात. पहिले काही दिवस एक तास, मग दोन तास असे वाढवत न्यावे. निरोप घेताना हळूच पळून जाऊ नये. कमी दिसणाऱ्या मुलाला आपण गेल्याचे इतरांपेक्षा उशिरा कळते आणि मग ते दुसऱ्या दिवशी पदर सोडत नाही.

९. इतर मुले आणि त्यांचे पालक

मुले सरळ विचारतात, "हिचे डोळे असे का हलतात?" त्यांना एका वाक्याचे खरे उत्तर पुरते: "तिचे डोळे असेच आहेत, तिला जवळ गेल्यावर दिसते." त्यानंतर आमच्या मुलीच्या वर्गात मुले तिच्या अगदी तोंडाजवळ येऊन बोलू लागली, ते तिला मुळीच आवडले नाही, पण तो वाद त्यांनी आपसात मिटवला. मोठ्यांची "बिचारी" ही हाक मात्र ताईंनी तेथल्या तेथे थांबवावी, असे आम्ही स्पष्ट सांगितले होते.

१०. दर सहा महिन्यांनी चिठ्ठी बदला

नंबर बदलतो, उंची वाढते, मूल नवे मार्ग शोधते, आणि जुनी चिठ्ठी त्याला मागे ओढू लागते. तपासणीची तारीख येईल तेव्हा ताईंना आधी विचारावे की घरी न दिसलेले काही त्यांना दिसले का, आणि ते डॉक्टरांना सांगावे. आमची चिठ्ठी आता पाचव्यांदा लिहिली आहे. पायरी उतरताना हात धरण्याचे वाक्य ताईंनी स्वतःच खोडले, कारण मुलगी पिवळ्या पट्ट्यावर टाच टेकवून एकटी उतरते, आणि त्याजागी त्यांनी आपल्या अक्षरात लिहिले, "घसरगुंडीवर रांग मोडते, समज द्यावी."